बालकांतील बीजपेशींच्या गाठी
(संस्थेच्या महोत्सवात दिलेले व्याख्यान)



उत्सवाच्या मांडवात दुखण्याची कथा काहींना अप्रस्तुत वाटेल. पण ज्या संस्थेच्या मदतनिधीने अनेक घरांतील आजारपणे निभावून नेली, तिच्या महोत्सवात हा विषय परका नाही, असे आम्हांस वाटते.

गर्भ चार-सहा आठवड्यांचा असताना, पुढे स्त्रीबीज वा पुंबीज व्हावयाच्या पेशी आपले मूळ ठिकाण सोडून, जेथे अंडाशय किंवा वृषण होणार तेथवर प्रवास करतात. काही वाट चुकून मधेच राहतात, आणि क्वचित त्यांतूनच गाठ होते, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणूनच ती वृषणात व अंडाशयात, तशीच माकडहाडाशी, छातीत किंवा मेंदूतही आढळते. माकडहाडाची गाठ सुमारे ३५ ते ४० हजार जन्मांत एखाद्या बाळाला होते, मुलींत अधिक. जन्मतः ती बहुधा निरुपद्रवी असते. परंतु महिने लोटतात तशी कर्करोगाची भीती वाढते.

आमच्याकडे दीड वर्षाची एक मुलगी आली. शौचाला कुंथायची, बसताना रडायची. आईला माकडहाडाशी फुगवटा लागला होता. घरी गळू समजून पोटीस बांधले. पुढे एके ठिकाणी गळू म्हणूनच चिरले. पू निघाला नाही. यात दोन महिने गेले.

आम्ही रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन तपासले. हे द्रव्य नवजात बाळात मुळातच पुष्कळ असते व साधारण वर्षभरात उतरते. म्हणून आकडा वयाशी ताडूनच वाचावा लागतो. दीड वर्षाच्या मुलीत तो हजारोंच्या घरात निघाला, तेव्हा शंका उरली नाही. गाठ मोठी, म्हणून आधी औषधे दिली, ती आकसल्यावर शस्त्रक्रिया केली. माकडहाडही गाठीबरोबर काढावे लागते. ते ठेवले तर गाठ उलटण्याचा धोका असतो. मुलग्याच्या वृषणात गाठ असेल, तर ती जांघेतून काढतात, अंडकोशास छेद देत नाहीत.

मुख्य औषध सिसप्लॅटिन. १९६५ साली अमेरिकेत रोझेनबर्ग जंतूंवर विजेचे प्रयोग करीत असता, प्लॅटिनमच्या संयुगाने जंतूंचे विभाजन थांबते, असे त्यांना दिसले. त्यातून निघालेल्या या औषधाने आज अशी बहुसंख्य मुले बरी होतात. मात्र ते कानांना व मूत्रपिंडांना बाधते; म्हणून दोहोंची तपासणी चुकवू नये.

तिसऱ्या फेरीला मुलगी आली नाही. आम्ही निरोप धाडला. बाप म्हणाला, “डॉक्टरसाहेब, औषध फुकट मिळतं, पण गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी कुठून आणू?” गाठीपेक्षा हे उत्तर आम्हांस अधिक जड गेले. शेजाऱ्यांनी वर्गणी केली, उपचार पुरे झाले. आज ती शाळेत जाते. एका कानाने थोडे कमी ऐकते.

म्हणून दोनच विनंत्या. आयाबायांनो, बाळाला न्हाऊ घालताना पाठीचा शेवट, पोट आणि मुलग्यांची वृषणे हाताखालून जाऊ द्या. न दुखणारी गाठही दाखवा. आणि विश्वस्तहो, निधीत औषधाबरोबर गाडीभाडे, राहण्याची खोली व बुडालेली मजुरी यांसाठीही एक रकाना ठेवा. अर्धवट सुटलेला उपचार, बरे होऊ शकणारे मूल हातचे घालवतो.