टोपी, घार आणि मी काढलेला फोटो



मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मी लग्नाचे फोटो काढणारी मुलगी, भाषण काय करणार? तर म्हणाले, घारीचा तो फोटो तूच काढलास ना, त्याबद्दल बोल. तुमच्यातल्या काहींनी तो पाहिलाही असेल. एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरून पांढरी टोपी उडतेय, मागे घारीचे पसरलेले पंख आणि उघडे पंजे. आज मी तो दाखवणार नाही. का, ते सांगते.

आमचं घर पुण्यात, भवानी पेठेत. गल्लीच्या तोंडाशी एक जुना रेन ट्री आहे, शेजारी मटणाची दुकानं. त्यामुळे घारी कायमच्याच. पण गच्चीवर कपडे वाळत घालताना डोक्यावर काहीतरी फिरतं, एवढीच माझी त्यांची ओळख. मग भावाचा जुना कॅमेरा माझ्याकडे आला, मी सेकंडहँड ३०० एमएमची लेन्स घेतली आणि काम नसेल त्या दिवशी गच्चीवर बसायला लागले. अम्मीला काळजी एकच, समोरच्या बिल्डिंगवाल्यांना वाटेल पोरगी त्यांच्या खिडक्यांत बघते. म्हणून ती माझ्या शेजारी लसूण सोलत बसायची. ती असल्यावर कोण काय बोलणार?

त्या वर्षी जानेवारीत झाडाच्या वरच्या बेचक्यात घरटं तयार झालं. नर-मादी दोघंही खपत होती. काटक्या, वायरचे तुकडे, चिंध्या, दुधाच्या पिशव्या. एकदा तर कुणाचा तरी पायमोजा आला. मला वाटलं, शहरातला पक्षी, मिळेल ते उचलतो. नंतर वाचलं की स्पेनमधल्या दोन्याना भागात घारींचा अभ्यास झालाय, २०११ मध्ये तो छापून आला. तिथल्या घारी घरट्यात पांढरं प्लास्टिक मुद्दाम लावतात. घार जेवढी ताकदवान तेवढं प्लास्टिक जास्त. बाकीच्या घारींना तो इशारा असतो, इथे येऊ नका. आमची घार पिशव्या त्याचसाठी लावायची का, ते मला सांगता येणार नाही, पण पिशवीला पिशवी म्हणून बघणं तेव्हापासून बंद झालं.

कावळ्यांचा तमाशा वेगळाच. एक कावळा समोर बसून घारीचं लक्ष वेधणार, दुसरा मागून येऊन शेपटीचं पीस ओढणार. घार एवढी मोठी, पण हैराण. हे बघताना अम्मी लसूण विसरायची.

पिल्लं बाहेर आली तशी घार बदलली. खालून जाणाऱ्यांवर ती झेपावायला लागली. आवाज नाही, काही नाही. मागून येते, डोक्यावर पंजा मारते आणि वर निघून जाते. तोंड तिच्याकडे केलं तर बहुतेक वेळा वळून जायची, हे मला गच्चीवरून चार दिवसांत कळलं होतं. खालच्या लोकांना मी सांगितलं का? नाही. मी कॅमेरा लावून बसले होते. शटर १/२०००, फोकस रस्त्यावर. खरं सांगते, मी कुणाला तरी पंजा बसायची वाट बघत होते.

पाचव्या दिवशी आमच्या गल्लीतले टेलरचाचा असरची नमाज पढून येत होते.

फोटो अप्रतिम आला. चाचांना फार लागलं नाही, कानामागे एक ओरखडा. मी रात्रीच फोटो टाकला. सकाळपर्यंत तो माझा राहिला नव्हता. कुणीतरी माझं नाव कापलं आणि वर लिहिलं, 'यांच्या वस्तीत मांस फेकतात, आता भोगा.' खाली हसणारे चेहरे. आणि आमच्याच गल्लीत दुपारी दोघं तिघं बांबू घेऊन झाडाखाली. घरटं पाडायचं. एकाच फोटोने बाहेरच्यांना आमच्यावर हसायला कारण दिलं आणि आमच्यांना पिल्लं मारायला.

मांस फेकण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या दिल्लीत घारींना सदका म्हणून मांसाचे तुकडे उडवायची जुनी पद्धत आहे. तिथे संशोधकांनी वर्षानुवर्षं घरटी मोजली. अशा वस्त्यांजवळ घारी घरटं करणं पसंत करतात, आणि जिथे माणसाकडून खाणं मिळतं तिथे पिल्लांसाठी त्या माणसावर जास्त धाडसाने हल्ला करतात. म्हणजे त्या टोमण्यात तथ्याचा एक तुकडा होता. आमच्याही दुकानांचा कचरा उघडा पडतो, हे मला मान्य करावं लागलं. पण पुण्यातल्या घारीला धर्म लावायचा तर उघड्या कचराकुंड्यांचाही धर्म शोधावा लागेल.

तर मी खाली धावले. १९७२चा वन्यजीव कायदा आहे, घरटं मोडणं गुन्हा आहे, असं सांगून पाहिलं. ऐकतं कोण? मग कॅमेऱ्यातले बाकीचे फोटो दाखवले, जे मला टाकावेसे वाटलेच नव्हते. काटक्या आणणारा नर. उन्हात पिल्लांवर पंख धरून बसलेली मादी. पिसांऐवजी लव असलेली दोन बावळट डोकी. बांबूवाला पोरगा म्हणाला, "ये तो छोटे हैं यार."

टेलरचाचा शेवटी आले. कानाला पट्टी. सगळे गप्प. मला म्हणाले, "बेटी, घार ने तो बच्चों के लिए मारा. तूने मेरेको पूछा था क्या?"

मी फोटो काढून टाकला. पण निसटलेल्या प्रती आजही फिरतात. गेल्या महिन्यात एका ग्राहकाने 'मस्त फोटो बघा' म्हणून मलाच पाठवला.

सालिम अलींचं नाव आपण सगळे अभिमानाने घेतो. १९३०च्या पावसाळ्यात, हातात नोकरी नसताना, ते अलिबागजवळ किहीमला सुगरणींच्या घरट्यांसमोर शिडीवर आडोसा करून तासन्‌तास बसले. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन पसंत करते, मग तो दुसरं विणायला घेतो, हे त्यांनी तिथे बसून शोधलं. मी रोज तेवढीच चिकाटीने बसत होते, पण सेकंदाचा दोन हजारावा भाग तेवढा निवडला. त्यात घार होती, टोपी होती. घरटं नव्हतं.

त्या दिवसापासून दुकानदारांनी कचऱ्याच्या डब्यांना झाकणं लावली, निदान दोन महिने तरी. मी झाडाला पुठ्ठा बांधला: 'वर पिल्लं आहेत. छत्री वापरा किंवा वर बघत चाला.' एक पिल्लू वळवाच्या वादळात गेलं. दुसरं एप्रिलअखेर उडालं. पहिली उडी मारून ते सरळ आमच्या गच्चीच्या टाकीवर आदळलं आणि तासभर तिथेच बसून राहिलं. मी कॅमेरा आणायला उठले, तर अम्मीने हात धरला.

चाचा अजून त्या झाडाखालून जातात. दर दहा पावलांनी थांबून मागे वळून वर बघतात. यंदा मी विचारलं, "चाचा, एक फोटो काढू?" म्हणाले, "पहले टोपी सीधी करने दे."