ठाण्यातला मोबाइल



2018 साली वर्ध्यात एक गृहस्थ शेजाऱ्याशी झालेल्या वादातून पोलीस ठाण्यात गेले होते. तिथलं बोलणं ते मोबाइलवर टिपताहेत हे पोलिसांच्या लक्षात आलं, आणि गुन्हा दाखल झाला तो त्यांच्यावरच. तोही 1923 च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली! म्हणजे इंग्रजांनी हेरांना धरण्यासाठी केलेल्या कायद्याखाली.

‘प्रतिबंधित ठिकाण’ कशाला म्हणायचं, हे त्या कायद्यात नीट लिहिलेलं आहे. दारूगोळ्याची कोठारं, लष्करी छावण्या, युद्धनौका, विमानं. पोलीस ठाणं त्यात कुठेच नाही. जुलै 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एवढीच गोष्ट दाखवून दिली आणि तो गुन्हा रद्द केला. पुढे 2024 मध्ये, पाथर्डीच्या ठाण्यातल्या ध्वनिमुद्रणाच्या प्रकरणात, औरंगाबाद खंडपीठानेही तेच म्हटलं.

न्याय मिळाला खरा, पण वर्ध्याच्या प्रकरणात त्याला चार वर्षं लागली. हेरगिरीच्या कायद्याचं नाव एकदा कानावर पडलं की माणूस हबकतो. शिक्षा होण्याची गरजच उरत नाही. ‘ठाण्यात गेलास तर फोन खिशातच ठेव,’ असं घरचेच बजावू लागतात. मला काळजी वाटते ती या बजावण्याची.

कारण ठाण्यात कॅमेरा हवा, हे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं आहे. डिसेंबर 2020 मध्ये, परमवीरसिंग सैनी प्रकरणात, देशातल्या प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत, आवाजही टिपणारे सीसीटीव्ही लावण्याचा आदेश झाला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेली नागरिक सुरक्षा संहिता तर झडतीचं चित्रण करा, शक्यतो मोबाइलवरच करा, असं पोलिसांना सांगते. मग तोच मोबाइल तक्रारदाराच्या हातात गुन्ह्याचं साधन कसा ठरतो?

भिंतीवरचा कॅमेरा अखेर पोलिसांच्याच ताब्यात असतो. म्हणून दुसरा डोळा हवा. तो का हवा, हे फ्रान्समध्ये दिसलं. नोव्हेंबर 2020 मध्ये तिथल्या संसदेत, पोलिसांना अपाय करण्याच्या हेतूने त्यांची ओळख पटेल असं चित्रण प्रसारित करणाऱ्याला वर्षभर कैद देणारं कलम चर्चेत होतं. त्याच आठवड्यात पॅरिसमध्ये एका कृष्णवर्णीय संगीत निर्मात्याला पोलिसांनी त्याच्याच स्टुडिओत मारलं. त्यानेच हल्ला केला, असं पोलिसांनी आधी लिहिलं होतं. कॅमेऱ्यातलं चित्रण बाहेर आलं आणि ते खोटं पडलं. पुढच्या मे महिन्यात तिथल्या घटनात्मक परिषदेने ते कलम रद्द केलं.

अत्याचाराची तक्रार द्यायला आलेल्या बाईचा किंवा एखाद्या मुलाचा चेहरा कुणीही टिपू नये. ती मर्यादा मला पूर्ण मान्य आहे. पण तिच्या आडून साहेबांचं बोलणं झाकता येणार नाही. ठाण्यात ‘चित्रणास मनाई’ अशी पाटी दिसली, तर ती कोणत्या कलमाखाली लावली आहे, एवढं शांतपणे विचारा. आणि नागपूरच्या त्या निकालाची एक प्रत जवळ असू द्या.