पुस्तकाला उत्तर द्या
(जिंतूर येथे वस्तीतल्या विद्यार्थ्यांपुढे केलेलं भाषण)

दोस्तांनो, आणि मागं दाराशी उभ्या असलेल्या मायबहिणींनो,

मी प्राध्यापक नाही. मॅट्रिक झालो अन् मुंबईच्या गोदीत हमालीला लागलो. पाठीवर ओझं अन् खिशात कवितेचा कागद, एवढीच माझी डिग्री. साहित्यावर शास्त्रशुद्ध बोलणं माझ्याच्यानं होणार नाही. एक जुना हिशेब मांडायला आलोय.

नववीला एक धडा होता. त्यात धुणंभांडी करणारी बाई. लेखकानं तिला दोन ओळी दिल्या : आली, भांडी घासली, गेली. परीक्षेत प्रश्न आला, धड्याविषयी तुमचं मत लिहा. मी लिहिलं, ही बाई घरी जाऊन काय जेवली ते लेखकाला ठाऊक नाही, म्हणून मी सांगतो. अन् दीड पान माझ्या मायवर लिहिलं. मास्तरनं शून्य मार्क दिले. शेरा मारला : 'विषय सोडून.' गाईड घोकलेल्या पोराला पैकीच्या पैकी!

म्हणजे आपली माय यांच्या विषयातच बसत नाही.

पण विषय सोडणारे आपल्यात जुने आहेत. मुक्ता साळवे, चौदा वर्षांची मांगाची पोर, पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी. १८५५ साली तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदया'त छापून आला. वेद वाचायचा आम्हाला हक्क नाही, मग आमचा धर्म कोणता? असा सवाल तिनं थेट देवाला केला. जो ग्रंथ हाती लागू दिला नाही, त्यालाही पोरीनं जाब विचारला.

१९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांना केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. बाबासाहेबांनी त्याचा सारांश लिहून मार्क मिळवले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंसह धम्म घेतला. त्यांनी लिहिलेला 'द बुद्ध अँड हिज धम्म' त्यांच्या मागं १९५७ साली निघाला. एका भेटपुस्तकाला पन्नास वर्षांचं उत्तर! अन् २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली, तेही उत्तरच. पण ध्यानात घ्या, बाबासाहेबांनी ती आधी वाचली होती.

आता तुम्ही काय कराल? यातल्या कशालाच पैसा लागत नाही.

पुस्तकात जो गप्प आहे त्याला बोलतं करा. गडी, मोलकरीण, पाटलाच्या वाड्यामागची पोर. 'मी' म्हणून त्याच्या तोंडून लिहा. शेवट पटला नाही तर दुसरा लिहा. अण्णाभाऊंची एखादी गोष्ट घ्या, तिचा वग करून चौकात उभा करा. पुस्तक खोटं वाटलं तर खोटं म्हणा, पण कोणत्या पानावर अन् का ते लिहा. नुसती शिवी म्हणजे उत्तर नव्हे. सगळ्यांचं लिहिलेलं खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवा अन् समाजमंदिराच्या भिंतीवर टांगा. झालं तुमचं मासिक. दिवाळीनंतर जे ऊस तोडायला जातील त्यांनी कोयत्याबरोबर वहीही न्यावी. तिथलं लिहून आणावं.

अन् लिहिलेलं घरी मोठ्यानं वाचा. मी ते शून्याचं दीड पान मायला वाचून दाखवलं. मी लिहिलं होतं की तिनं रात्री भाकर अन् ठेचा खाल्ला. ती म्हणाली, "समदं बराबर लिवलं लेका. पर त्या राती म्या जेवलेच न्हवते. भाकरी तुमालाच पुरल्या न्हाईत."

शेजारी झोपून मला ते माहीत नव्हतं. मग त्या लेखकाला कुठून असणार? ते आपल्यालाच लिहावं लागंल. आज रात्रीच वही उघडा.

जय भीम!