आपत्तीनंतरची शाळा
(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



सातारा-सांगलीस आपत्ती नवी नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने पाटण तालुका हादरला. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णामाई सांगलीत शिरली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. अशा वेळी अन्न, वस्त्र, औषध देण्यात आपला समाज मागे राहिला नाही. परंतु शाळेची आठवण चिखल उपसल्यानंतरच होते. तोवर मोठी मुले कामाला लागतात, मुलींचे शिक्षण थांबते.

पुरात शाळा दोन प्रकारे बंद पडते. नदीकाठची पाण्यात जाते आणि उंचावरची पूरग्रस्तांचा निवारा बनते. म्हणून पर्यायी जागा आधीच ठरलेली हवी.

आम्हा कापडवाल्यांकडे पाणी वाढू लागले की आधी हिशेबाच्या वह्या माडीवर जातात, मग तागे. माल पुन्हा भरता येतो. येणे-देणे पुसले गेले की पेढी बुडते. शाळेची अशी वही म्हणजे जनरल रजिस्टर. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणून त्यांचे शिक्षण अखंड ठेवले. इमारती पडल्या, तरी शाळा पडली नाही.

महोत्सवानिमित्त प्रवेशद्वारी कमान उभारण्याचा विचार आहे. ती शोभून दिसेल, यात शंका नाही. तथापि त्या निधीचा निम्मा भाग पुढील कामी राखावा, अशी माझी नम्र सूचना आहे. एक, आपत्तीत आपले सभागृह महिनाभर शाळेस देण्याचा लेखी ठराव व्हावा. दोन, सांगलीच्या शाळांच्या रजिस्टरांच्या प्रती साताऱ्यास व साताऱ्याच्या सांगलीस ठेवण्याची व्यवस्था व्हावी. तीन, पुस्तके, वह्या आणि शिक्षकांचा प्रवासखर्च यांसाठी स्वतंत्र खाते असावे. गणवेशाचे कापड माझ्या दुकानातून विनामूल्य मिळेल.

आपण ज्ञानदानास श्रेष्ठ मानतो. ते संकटातही खंडित होऊ नये, एवढीच प्रार्थना करून माझे दोन शब्द संपवितो.