इंजिनाचा जीर्णोद्धार



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून चार विचार ऐकण्याची चाल पुढे महाराष्ट्रात गावोगाव रुजली. त्या चालीला अनुसरून या व्यासपीठावरून आपण संतांविषयी, इतिहासाविषयी आणि राज्यकारभाराविषयी पुष्कळ ऐकले असेल. परंतु एका जुन्या मोटरसायकलचे इंजिन खोलून ते पुन्हा उभे करण्याविषयी येथे कोणी बोलल्याचे माझ्या ऐकिवात नाही. भूमी अभिलेख खात्यात मी चौतीस वर्षे मोजणीचे काम केले. कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि वसमत या तालुक्यांतील शिवारे पालथी घातली, आणि निवृत्तीनंतर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आयुष्यात प्रथमच पाना हाती घेऊन एक इंजिन खोलले. त्या सात महिन्यांत मोजणे या क्रियेचा जो अर्थ मला उमगला, तो नोकरीच्या चौतीस वर्षांत उमगला नव्हता. तोच आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

गाडी माझ्या वडिलांची. ते पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, आणि पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर या धरणांची कामे चालू असताना कच्च्या रस्त्यांनी, काळ्या मातीच्या चिखलातून त्यांची नित्य फिरती असे. त्या फिरतीसाठी त्यांनी ३५० सी.सी.ची बुलेट घेतली. ही गाडी मूळची इंग्लंडातील रेडिच या गावची, आणि बुलेट हे नाव १९३२ सालापासूनचे. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याने सीमेवरील गस्तीसाठी ती पसंत केली, आणि १९५५ साली मद्रास मोटर्स या पेढीच्या भागीदारीत एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन होऊन मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे प्रथम तिची जुळणी आणि पुढे संपूर्ण निर्मिती होऊ लागली. इंग्लंडातील मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली. परंतु तेच बिडाच्या सिलिंडरचे इंजिन, मूळ आराखड्यात फारसा फेरफार न होता, मद्रासेत त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे तयार होत राहिले. आमच्या घरची गाडी मात्र वडिलांच्या पश्चात ढेलजेत भिंतीला टेकून सव्वीस वर्षे उभी राहिली, आणि मी तिला हात लावला तेव्हा तिची किक तसूभरही हलत नव्हती.

ज्यांनी मला या कामात हाती धरले ते वयोवृद्ध मिस्त्री विहिरींवरची तेलाची इंजिने दुरुस्त करता करता मोटरसायकलींकडे वळलेले. मराठवाड्यातील यंत्रविद्या पुष्कळशी अशीच, महाविद्यालयाच्या आधी विहिरीच्या काठावर शिकली गेली आहे, आणि तिच्या ऋणाची नोंद आपल्या कोणत्याही दप्तरात नाही. मी पाना उचलला तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘‘सायेब, खोलायला काय, कोणीबी खोलतंय. पुन्हा बसवायचं असंल तर खोलतानाच लिहून ठिवा.’’ मोजणीदाराला हा उपदेश परका नव्हता. शेताच्या मोजणीचे टिपण जागेवरच लिहितात, घरी येऊन आठवणीने लिहीत नाहीत. त्याच शिस्तीने मी एक वही घातली आणि प्रत्येक बोल्ट, प्रत्येक वायसर कोठून निघाला, कोणत्या क्रमाने निघाला आणि कोणत्या डब्यात गेला, याचा तपशील तिच्यात उतरवीत गेलो.

प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि तेल यांचे मिश्रण ओतले व आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हलक्या हाताने मागेपुढे केले, तेव्हा गंजाने धरून ठेवलेला पिस्टन करकरत सुटला. मग हेड उतरवले. पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा जाड थर होता. तो लाकडाच्या पट्टीने खरवडीत असता खालच्या धातूवर ठसा उमटलेला दिसला: ०२०.

त्या तीन अंकांपाशी माझे हात थांबले. हे इंजिन कारखान्यातून निघाल्यावर आपणच पहिल्यांदा उघडत आहोत अशी माझी समजूत होती. परंतु या अंकांचा अर्थ असा, की सिलिंडर पूर्वी एकदा झिजला होता, कोणी तरी तो बोअर करून इंचाच्या वीस सहस्रांशाने रुंद केला होता आणि त्या मापाचा पिस्टन बसवला होता. त्या कारागिराचे नाव, गाव, काळ, काहीही आज सांगता येत नाही; मात्र त्याने केलेले काम एवढ्या ठशावरून मला वाचता आले. जीर्णोद्धार करणाऱ्याने मंदिराच्या ओवरीत शिलालेख कोरावा, तसा तो ठसा मला भासला.

औंढ्याचे नागनाथाचे मंदिर आपणांपैकी प्रत्येकाने पाहिले आहे. खालचा भाग हेमाडपंती, कोरीव काळ्या पाषाणाचा. वरचा भाग नंतरच्या काळातील, चुनेगच्चीचा. त्याच्या जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरेने पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांना दिले जाते. जो पाषाण भार सोसू शकत होता तो जागच्या जागी ठेवला, आणि जेथे मूळचे काम उरले नव्हते तेथे नवे उभारले. हा निर्णयच जीर्णोद्धाराचा गाभा होय. जुने आहे म्हणून सर्व राखावे, ही ममता झाली. जुने आहे म्हणून सर्व फेकावे, हा आळस झाला. आणि या दोहोंपासून सुटका करणारी गोष्ट एकच, ती म्हणजे प्रत्येक भागाची प्रामाणिक तपासणी. त्या मंदिराच्या खालच्या भागाकडे पाहताना दुसरीही गोष्ट ध्यानी येते. हेमाडपंती बांधणीत दगडाला दगड चुन्यावाचून बसवलेला असतो; तेथे सांधा घट्ट बसेल तरच भिंत उभी राहते. इंजिनातही पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये चुना नाही की सरस नाही. आहे ती केवळ एक मोजलेली पोकळी, आणि त्या पोकळीत तेल.

आमच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी असे आणि तिचे सोळा आणे. एक आणा म्हणजे सुमारे दोन फूट. तेवढ्या हद्दीसाठी सख्ख्या भावांना कचेरीच्या पायऱ्या झिजवताना मी पाहिले आहे. येथे मात्र मिलिमीटरचा शंभरावा भाग हे एकक झाले. बुलेटच्या सिलिंडरचा मूळ व्यास ७० मिलिमीटर, आणि पिस्टनची वरखाली चाल ९० मिलिमीटर; या दोन आकड्यांवरून घनफळ काढले तर ते ३४६ घन सेंटिमीटर भरते, आणि त्यालाच व्यवहारात आपण साडेतीनशे म्हणतो. पूर्वीच्या बोअरमुळे आमच्या सिलिंडरचा व्यास ७०.५१ झालेला असणार. तळाशी, जेथे रिंगा पोहोचत नाहीत तेथे, तो तेवढाच भरला. परंतु वरच्या टोकाजवळ, गाडीच्या लांबीच्या दिशेने, ७०.७४ भरला आणि आडव्या दिशेने ७०.६६. म्हणजे वर्तुळाचे लंबवर्तुळ झाले होते.

ही झीज अशी विषम का व्हावी, याचे कारण समजले तेव्हा मला फार आनंद झाला. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचतो तेव्हा क्षणभर थांबतो आणि परत फिरतो. त्या क्षणी तेलाचा थर विरळ होतो, आणि स्फोटाची उष्णता व दाब तेथेच सर्वाधिक असतात. म्हणून झीज वर अधिक. कनेक्टिंग रॉड तिरका होऊन क्रँक फिरवतो, त्या तिरकसपणामुळे पिस्टन पुढच्या आणि मागच्या भिंतीवर रेलतो. म्हणून झीज त्या दिशेला अधिक. बांधावरच्या एका दगडाच्या कलण्यावरून पाणी कोणीकडून वाहते हे जुना मोजणीदार ओळखतो, तद्वत या तीन आकड्यांवरून त्या इंजिनाने सोसलेल्या सर्व परिश्रमांची दिशा वाचता येत होती.

आता एवढीशी पोकळी इतकी महत्त्वाची का? इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असता पिस्टन दर फेऱ्यास १८० मिलिमीटर चालतो; म्हणजे मिनिटाला ५४० मीटर, सेकंदाला ९ मीटर, आणि तोही दर फेऱ्यात दोनदा थांबून व दिशा बदलून. एवढ्या वेगाने धावणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पिस्टनला बिडाची भिंत उघडी लागली तर तो क्षणात चिकटेल. त्यांच्यामध्ये माणसाच्या केसाहून किंचित जाड अशी जागा सोडावी लागते. दोन शेतांमधला बांध जसा दोघांचा आणि एकट्याचा कोणाचाच नसतो, तशी ही जागा आहे. बांध कोरला तर भांडण अटळ. पोकळी कमी ठेवली तर पिस्टन तापून फुगतो आणि धरून बसतो. बांध वाजवीपेक्षा रुंद ठेवला तर जमीन पडीक जाते. पोकळी जास्त झाली तर स्फोटाची शक्ती बाजूने निसटते, तेल वर चढून जळते आणि मागे निळा धूर सुटतो.

म्हणून मिस्त्रींच्या सांगण्यावरून आधी ०४० मापाचा नवा पिस्टन आणला, त्याचे प्रत्यक्ष माप घेतले, आणि मगच सिलिंडर नांदेडला नेऊन त्या पिस्टनच्या मापाने बोअर व होनिंग करून घेतले. क्रँकची परीक्षा निराळी. बुलेटच्या बिग एन्डमध्ये, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील टोकात, गोळ्यांचे बेअरिंग नसून क्रँकपिनलाही न बांधलेला आणि रॉडलाही न बांधलेला असा एक सुटा बुश असतो. त्याच्या आत तेल, बाहेर तेल, आणि तो स्वतः दोहोंमध्ये मोकळा फिरतो. रॉड दोन्ही हातांत धरून वरखाली ओढून पाहिला. खेळ मुळीच लागला नाही. बाजूचा थोडा खेळ होता, पण तो असावाच लागतो. तो बुश वडिलांच्या वेळचा. तो आम्ही जागच्या जागी ठेवला. तेलाचे दोन पंप, एक पाजणारा आणि दुसरा तळातून उपसून परत नेणारा, हेही धुऊन पाहता निर्दोष निघाले.

एक चूक घडली, ती सांगणे माझे कर्तव्य आहे. जुळणीच्या दिवशी संध्याकाळ होत आली होती आणि मला घाई झाली होती. रिंगा बोटांनी दाबून सिलिंडर खाली सोडताना एका रिंगेचे टोक काठाला अडले. मी थांबून पाहिले नाही, जोर केला, आणि काचेसारखा कडकन आवाज झाला. बिडाची रिंग वाकत नाही, तुटते. नवा संच येईपर्यंत बारा दिवस काम बंद राहिले. जेथे हाताला अडथळा लागतो तेथे यंत्र काहीतरी सांगत असते. ते ऐकण्यापूर्वी जोर करणे हा अज्ञानाचा नव्हे, तर अधीरतेचा दोष आहे, आणि तो दोष सर्वस्वी माझा होता.

पुढे व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, पेट्रोल ओतून ते झिरपत नाही याची खात्री केली, आणि शेवटी टॅपेट लावण्याची वेळ आली. मी फीलर गेज काढले. मिस्त्रींनी ते बाजूला ठेवले. इंजिन थंड असताना पुशरॉड दोन बोटांच्या चिमटीत मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली मात्र मुळीच हलता कामा नये, एवढेच तेथील माप. ते आकड्यात सांगता येत नाही, चिमटीलाच शिकावे लागते. सहा-सात वेळा मी लावले आणि त्यांनी सोडवले; आठव्या वेळी त्यांनी नुसती मान हलवली. मोजमापाचा शेवटचा अंश बोटांच्या विवेकावर सोपवलेला असतो, हे मला त्या दुपारी कळले.

माघातल्या एका सकाळी गाडी अंगणात आणली. अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबली, डावीकडची डीकॉम्प्रेसरची कळ ओढून पिस्टन किंचित पुढे नेला, कळ सोडली, आणि पूर्ण किक मारली. दोनदा काहीच झाले नाही. तिसऱ्या वेळी इंजिनाने ठोका धरला. माझ्या आईचे वय तेव्हा शहाऐंशी होते. ती आतल्या घरातून भिंत धरीत ढेलजेपर्यंत आली आणि काही न बोलता उंबऱ्यावर बसून राहिली. धरणावरून वडील परतत तेव्हा हाच ठोका वेशीपासून ऐकू येई आणि ती चुलीवर तवा ठेवी.

श्रोतेहो, आपल्याच औंढा तालुक्यात, दुधाळ्याच्या शिवारात, लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहत आहे. तिच्या काटकोनातील दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील, आणि त्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका सूक्ष्म असा फरक तेथे मोजला जाईल. ज्या तालुक्यात मी साखळीच्या आण्यांनी हद्दी कायम केल्या, तेथे ही मोजणी होणार आहे. या जिल्ह्यातील मुलामुलींनी त्या वेधशाळेत केवळ पाहुणे म्हणून जाऊ नये अशी माझी तळमळ आहे. त्यासाठी मोठी उपकरणे हाती येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. विहिरीवरचे बंद पडलेले इंजिन, पंप, घरातली जुनी गाडी, जे असेल ते जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखाली खोलावे, मोजावे, लिहावे आणि पुन्हा उभे करावे. सूक्ष्माचा आदर हाताला एकदा शिकवला, की एककाचा लहानमोठेपणा उरत नाही.

माझी टिपणांची वही आता त्या गाडीच्या हत्यारपेटीत, मेणकापडात गुंडाळून ठेवलेली आहे. माझ्या आधी ज्याने हे इंजिन खोलले त्याने तीन अंक ठेवले. माझ्यानंतर जो खोलेल त्याच्यासाठी मी सर्व मापे ठेवली आहेत. शेवटच्या पानावर त्याच्या उपयोगाची एक सूचना आहे: ‘‘सिलिंडर ०४० झाला. यापुढे बोअर करू नये, लायनर घालावा. बिग एन्डचा बुश जुनाच आहे, तो आधी तपासावा.’’