बनावट ई-पत्रांची पारख

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकेतील लोकांना, करखात्याचे अधिकारी असल्याचे भासवून व अटकेचा धाक घालून, लुबाडले जात असे. ‘आजच माहिती भरा, अन्यथा वेतन थांबेल’ अशी ई-पत्रे याच जातीची होत. भय आणि घाई ही त्यांची खूण. पाठविणाऱ्याच्या नावावर न विसंबता, शुद्धलेखन तपासावे तसा त्याचा ई-पत्ता अक्षर अक्षर तपासावा. पत्रातील दुवा उघडू नये. कार्यालयास आपणच विचारावे. पासवर्ड व ओटीपी कोणासही सांगू नये. फसगत झालीच, तर लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर व बँकेस तत्काळ कळवावे. विलंब झाल्यास पैसे हाती लागणे कठीण.