पुस्तकाने पुस्तकाकडे न्यावे

(वाचकांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या परंपरेत ज्ञानाचा आरंभ प्रश्नापासून मानलेला आहे. कठोपनिषदातील नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहतो आणि वर मागण्याची वेळ येते तेव्हा धन, राज्य, दीर्घायुष्य ही सारी प्रलोभने बाजूला सारून आपला प्रश्न तेवढा धरून ठेवतो. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच सूत्रात जिज्ञासा हा शब्द येतो. गीता तर अर्जुनाच्या शंकांतूनच उलगडत जाते.

असे असताना आपल्या घरांतील पुस्तकांचे कपाट काय सांगते? काही ग्रंथ वस्त्रात बांधून पूजेसाठी ठेवलेले, काही लग्नामुंजीत भेट आलेले, काही मुलांच्या परीक्षेचे. सात-आठ वर्षांचे मूल दिवसभर ‘असे का?’ म्हणून घरच्यांना भंडावून सोडते. तेच मूल पंधराव्या वर्षी प्रश्न विचारेनासे होते. मधल्या सात वर्षांत त्याच्या हाती आपण काय दिले, याचा विचार प्रत्येक घराने करावयास हवा.

जिज्ञासू वाचकाने काय वाचावे, असा आजचा विषय आहे. वाचनीय पुस्तकांच्या याद्या पुष्कळ मिळतात. यादीपेक्षा वाचनाची रीत अधिक महत्त्वाची. ललित आणि ललितेतर ग्रंथ जोडीने वाचावेत, ही ती रीत. कथा-कादंबरी मनात प्रश्न जागा करते. इतिहास, शास्त्र आणि चिंतन तो प्रश्न तपासून देतात. एकट्या कथेवर पोसलेले मन भाबडे होते आणि एकट्या माहितीवर पोसलेले मन कोरडे राहते.

पहिले उदाहरण पानिपतचे घ्या. दाणादाण उडाली की ‘पानिपत झाले’ असे मराठी माणूस आजही म्हणतो. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस आपल्या भाषेत असा कायमचा रुतून बसला आहे. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८ साली आली आणि घरोघरी वाचली गेली. ती वाचून डोळे पाणावतात, हे स्वाभाविक आहे. परंतु जिज्ञासू वाचक तेथे थांबत नाही. एवढी मोठी फौज उपाशी का राहिली? उत्तरेत मित्र का मिळाले नाहीत? सैन्याबरोबर बायकामुले आणि यात्रेकरू का होते? हे प्रश्न त्याला त्र्यं. शं. शेजवलकर यांच्याकडे घेऊन जातात. शेजवलकरांचा पानिपतावरील इंग्रजी ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे तो विषय त्यांनी मराठीतही मांडला. कागदपत्रे आणि भूगोल समोर ठेवून, आपल्या माणसांच्या चुका न लपवता आणि त्यांच्या शौर्याला उणेपणा न आणता इतिहास कसा लिहावा, याचा तो वस्तुपाठ आहे. त्याही पुढे जाऊ इच्छिणाऱ्याने काशीराजाचा वृत्तांत पाहावा. काशीराज शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. म्हणजे समोरच्या छावणीत बसून त्याने हा संहार पाहिला होता. एका कादंबरीने वाचकाला इतिहासकारापर्यंत नेले आणि इतिहासकाराने साक्षीदारापर्यंत.

दुसरे उदाहरण महाभारताचे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि बाराशेंहून अधिक हस्तलिखिते पडताळून १९६६ साली ते पूर्णत्वास नेले. लगेच पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, मराठीत दोन पुस्तके आली. शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ आणि इरावतीबाई कर्वे यांचे ‘युगान्त’. सावंतांनी कर्णाची व्यथा त्याच्या आणि त्याच्या निकटवर्तीयांच्या मुखातून सांगितली आणि लाखो वाचकांच्या हृदयात कर्णाला स्थान दिले. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. कर्णाच्या वाट्याचे दुःख त्या नाकारीत नाहीत. पण द्यूतसभेतील त्याचे वर्तन, घोषयात्रेतील त्याचा पराभव हेही त्या विसरत नाहीत.

हे दोन कर्ण एकमेकांशी जुळत नाहीत. मग खरा कोणता? हा प्रश्न ज्याला पडला, तो मूळ संहितेकडे वळतो आणि तेथे त्याला आश्चर्याचा धक्का बसतो. स्वयंवरात द्रौपदीने ‘सूताला वरणार नाही’ म्हणून कर्णाला अव्हेरले, हा आपल्या सर्वांना पाठ असलेला प्रसंग चिकित्सक आवृत्तीच्या स्वीकृत पाठात नाही. तो पाठभेदांच्या टिपांत गेलेला आहे. श्रद्धेने वाचणाऱ्याचे यात काही हरवत नाही. उलट, प्रत्येक पाठभेद जपून ठेवणाऱ्या त्या विद्वानांची निष्ठा पाहून त्याचा आदर वाढतो.

एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्याही कुतूहल जागे करू शकतात. पेणजवळील वरसईचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. घरची ओढग्रस्त दूर व्हावी म्हणून, मथुरेत बायजाबाई शिंदे यज्ञ करणार असल्याचे ऐकून १८५७ साली ते उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरात होते. मिळवलेले द्रव्य लुटले गेले. तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन ते घरी पोहोचले. भारताचार्य चिं. वि. वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी हा वृत्तांत लिहिला. ‘माझा प्रवास’ या नावाने वैद्यांनी तो १९०७ साली छापला, पण संस्कार करून. मूळ लेखन म. म. दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली समोर आणले. झाशीच्या राणीवर कादंबरी वाचणाऱ्याने या साध्याभोळ्या भिक्षुकाची साक्ष अवश्य वाचावी आणि छापताना मूळ लेखन का बदलले गेले असावे, हेही स्वतःला विचारावे.

विज्ञानातही हीच रीत चालते. डॉ. जयंत नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात आपल्यातून गेले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी आपली कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली होती. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव घेतले. परीक्षकांवर कीर्तीचे दडपण येऊ नये, हा हेतू. ती कथा पहिली आली. त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह मुलाच्या हाती द्यावा आणि तो प्रश्न विचारू लागला की ‘आकाशाशी जडले नाते’ पुढे करावे. व्यंकटेश माडगूळकरांनी तर दोन्ही बाजू स्वतःच सांभाळल्या. ‘नागझिरा’ ही त्यांची अरण्यातील मुक्कामाची नोंद आणि ‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळीची कादंबरी. टोळीचा नर बदलला की नवा नर पूर्वीची पिले मारतो, हे धारवाडच्या परिसरात जपानी संशोधक सुगियामा यांनी १९६० च्या दशकात नोंदविले होते. कादंबरी आणि संशोधन येथे एकाच झाडाखाली भेटतात.

आता थोडे अवघड बोलावे लागेल. आपल्याला पटणारीच पुस्तके आपण वाचतो आणि त्यालाच व्यासंग म्हणतो. समविचारी माणसांत वावरणाऱ्या कार्यकर्त्याला हा धोका अधिक. म्हणून कपाटात अस्वस्थ करणाऱ्या ग्रंथांसाठीही जागा हवी. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. १८९५ साली पती ख्रिस्ती झाले, तेव्हा कर्मठ संस्कारांत वाढलेल्या या स्त्रीवर कोणता प्रसंग ओढवला आणि पुढे १९०० साली तिने स्वतः तोच मार्ग का पत्करला, हे त्या कमालीच्या सरळपणाने सांगतात. तो निर्णय आपल्याला मान्य असो वा नसो, ते घर समजून घेतल्यावाचून आपण त्याविषयी बोलू नये. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. गावकुसाबाहेरचे बालपण आणि मुंबईच्या कावाखान्यातील जीवन त्यात आहे. समरसता हा शब्द उच्चारणे सोपे आहे. ‘बलुतं’ वाचून झाल्यावर तो उच्चारताना जीभ थोडी अडखळते. ती अडखळावी, यातच आपले हित आहे.

सारी पुस्तके विकत घेतलीच पाहिजेत असे नाही. १८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथालय उभे राहिले, १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. ग्रंथालयांचे जाळे आपल्या पूर्वजांनी वर्गणी गोळा करून विणले आहे. तेथील पायऱ्या झिजल्या पाहिजेत.

घरी तीन गोष्टी कराव्यात. पुस्तक संपले की शेवटच्या पानाशी एका चिठ्ठीवर न सुटलेला एक प्रश्न लिहून ठेवावा. त्या प्रश्नासाठी दुसऱ्या प्रकारचे एक पुस्तक शोधावे. आणि महिन्यातून एकदा, रात्रीच्या जेवणानंतर, घरातील सर्वांत लहान माणसाने मोठ्यांना त्या चिठ्ठ्यांतील प्रश्न विचारावेत. मोठ्यांना उत्तर आले नाही, तर ‘ठाऊक नाही, आपण शोधू’ असे त्यांनी मोकळेपणाने म्हणावे. कादंबरीवर उभारलेला अभिमान पहिल्याच प्रश्नाने कोसळतो. प्रश्नांतून तावून सुलाखून निघालेला टिकतो. तसा अभिमान पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाचा असेल, तर पंधरा वर्षांच्या मुलाचा ‘असे का?’ आपल्या घरात ऐकू आला पाहिजे.